तुमचा मेल मी चार महिन्यांनी उघडला

मॅडम, तुमच्या घरी मी बायकांत बसले होते, तेव्हा तुमच्या बहिणीनं, जुबेदाताईंनी, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, "ही आपाची वैशाली. पुण्यात मोठी शास्त्रज्ञ हाय. पर काय अडलं की आपालाच फोन करायची. आपाला शेवटपतूर हिचा लय आधार हुता."

मी मान हलवली.

तुम्हाला जाऊन तीन दिवस झाले होते. खोलीत दहा-बारा बायका होत्या, दोघीतिघी भिंतीशी बसून हळू आवाजात कुराण वाचत होत्या. जुबेदाताईंच्या तोंडून ते वाक्य ऐकून सगळ्यांनी माझ्याकडे मायेनं बघितलं. एका म्हातारीनं माझा हात हातात घेतला. ते वाक्य तुम्हीच कधीतरी ताईंना सांगितलेलं असणार. आणि ते खरं नाही, हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत होतं.

तुमची नोकरी किती वर्षांची, विद्यार्थी किती घडवले, ते कॉलेजच्या सभेत बोलतील, बोलू देत. मला वेगळं सांगायचंय. जिवंतपणी सांगायला हवं होतं ते.

कोरेगावजवळच्या आमच्या गावातून मी कराडला बी.एस्सी.ला आले तेव्हा पदार्थविज्ञानाला तुम्ही होता. वर्गात तुमचं मराठी पुस्तकातलं असायचं आणि वर्गाचा उंबरा ओलांडला की कराडचं. पहिल्याच वर्षी लंबकाचा प्रयोग होता. मी दोरीची लांबी गोळ्याच्या हुकापर्यंत मोजली होती. उत्तर कमी यायला लागलं. मग मी वेळेचे आकडे थोडे थोडे खाली सरकवले आणि गुरुत्वाकर्षणाचं पुस्तकातलं ९८० बरोब्बर आणून दाखवलं. तुम्ही वही बघितलीत, माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "लांबी कुठनं कुठवर?"

"दोरीची, मॅडम."

"दोरी संपल्यावर गोळा हाय का न्हाई? त्याच्या मध्यापतूर कोण मोजणार?" मग आवाज खाली आणून म्हणालात, "उत्तर बरोबर आलं म्हणून चूक बरोबर हुत न्हाई, पोरी. उद्या परत कर."

रडतच दुसऱ्या दिवशी परत केला. त्या वेळी तुम्ही शेजारी स्टूल ओढून बसलात आणि तुमच्या अब्बांची गोष्ट सांगितलीत. ते पेठेत शिलाईचं दुकान चालवायचे. बाहीचं माप लिहिताना ते आकड्याच्या आधी एक अक्षर लिहायचे, खांद्यापासून घेतलं की मानेपासून, त्याचं. कारागीर म्हणायचे, कशाला, आम्हाला कळतंय. अब्बा म्हणायचे, तुला आज कळतंय, पंधरा दिवसांनी कापताना कळणार न्हाई. मला ती गोष्ट आवडली. पण माझ्या कामाचं त्यात काही आहे असं वाटलं नाही.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मी पुण्याच्या संस्थेत नोकरीला लागले होते. ईदला तुमच्याकडे आले, घरचा घेवडा घेऊन. शिरखुर्म्याची वाटी पुढे करत तुम्ही म्हणालात, "आता मला शिकीव. रिकामी बसले तर वेडी हुईन."

मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

तुमच्या लॅपटॉपवर मी आमच्या संस्थेत वापरतात तो विश्वाच्या हिशोबाचा प्रोग्राम बसवून दिला. विश्व जन्मल्यावर डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आत ते अफाट फुगलं, असं आम्ही मानतो. त्या फुगण्यात दोन प्रकारच्या लहरी उठल्या असाव्यात. पहिल्या स्केलर. कुठं पदार्थ जरा दाट, कुठं जरा विरळ, आणि त्यातूनच पुढं आकाशगंगा झाल्या. दुसऱ्या टेन्सर, म्हणजे खुद्द अवकाशच ताणलं आणि आखडलं, त्याच्या. पहिल्यांचे ठसे आपल्याला सापडलेत, दुसऱ्यांचे अजून नाहीत. प्रोग्रामला एक साधी फाईल द्यायची, तीत आकडे लिहायचे. स्केलर लहरी किती जोराच्या, लहान-मोठ्या लहरींत तो जोर कसा बदलतो, टेन्सर लहरी त्यांच्या तुलनेत किती. प्रोग्राम चालवला की आज आकाशात काय दिसेल त्याची रेषा समोर येते.

तुम्ही टेन्सरचा आकडा शून्यावरून वर नेलात आणि पडद्यावर नवी रेषा उमटली. तुमचा हात तसाच कळीवर राहिला. "म्हंजे ह्ये माझ्या घरात बसून?" असं म्हणून तुम्ही जुबेदाताईंना हाक मारलीत. त्या मशीनवरचा ब्लाऊज सोडून आल्या, रेषेकडे बघितलं, "बरं हाय" म्हणाल्या आणि गेल्या. आपण दोघी किती हसलो.

"पर जे सापडलंच न्हाई त्याचं माप कसं लिवायचं?" तुम्ही विचारलंत.

"माप नाही, मॅडम. जास्तीत जास्त किती असू शकेल, तेवढं लिहायचं."

"म्हंजे आपल्या न कळण्याचं माप," तुम्ही म्हणालात. ते वाक्य मी नंतर माझ्या भाषणांत वापरलं. माझं म्हणून. पण ही चोरी लहान आहे. मोठी पुढे आहे.

पुढची दोन वर्षं तुम्ही जे केलंत त्यानं मला खरं तर अभिमान वाटायला हवा होता. तुम्ही प्रोग्रामची सगळी माहितीपुस्तिका वाचून काढलीत. प्रत्येक आकड्याचा अर्थ लावलात. मला फोन करायचात, तेही माझ्या जेवणाच्या सुट्टीची वेळ साधून. सुरुवातीला मी उत्तरं द्यायचे. मग "नंतर बोलते" म्हणायला लागले. मी मोठी होत चालले होते ना. माझं नाव पहिलं असलेला पहिला मोठा लेख तेव्हाच आला. नव्या दुर्बिणीला टेन्सर लहरी किती बारीक असल्या तरी दिसतील, याचा हिशोब आम्ही शेकडो वेळा प्रोग्राम चालवून मांडला होता. आकड्यांची फाईल माझी होती. लेख सगळ्यांसाठी खुला झाला त्या दिवशी मी ती फाईल तुम्हाला पाठवली. मदत मागायला पाठवली नव्हती, कौतुक हवं होतं.

तुमचा फोन तिसऱ्या दिवशी आला. मी संस्थेच्या कॅन्टीनमध्ये आमच्या गटातल्या लोकांबरोबर जेवत होते.

"वैशाली, स्केलरची मोजायची जागा एक धरलीयस आन टेन्सरची दुसरी. मग दोन्हीचं गुणोत्तर लिवलंयस ते कुठल्या जागेचं?"

प्रश्न साधा होता. लहरींचा जोर सगळीकडे सारखा नसतो. मोठ्या लहरींत थोडा जास्त, लहानांत थोडा कमी. म्हणून जोर सांगताना केवढ्या लहरीपाशी मोजला ते सांगावं लागतं. मी स्केलरचा एका ठिकाणी मोजला होता, टेन्सरचा दुसऱ्या, आणि तुलना मात्र दोन्ही एकाच ठिकाणचे असल्यासारखी केली होती. त्यासाठी फाईलमध्ये एक ओळ बदलावी लागते. ती मी बदलली नव्हती.

हे मला आज कळतंय. तेव्हा मी म्हणाले, "मॅडम, ते सगळे तसंच करतात. त्यानं काही फरक पडत नाही."

"दहा-बारा टक्के पडतोय की. मी चालवून बघितलं."

"मी बघते नंतर."

फोन टेबलावर ठेवला. समोरच्यानं विचारलं, कोण? मी म्हणाले, "आमच्या कॉलेजच्या मॅडम. रिटायर झाल्यात, वेळ जात नाही त्यांचा." सगळे हसले, मीही हसले. मग फोनकडे लक्ष गेलं तर पडदा अजून उजळलेला होता. तुम्ही आधी ठेवला होता की ऐकत होता, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मी घाईनं बोट टेकवलं आणि फोन बंद केला.

त्या संध्याकाळी तुमचा मेल आला. विषयाच्या जागी फक्त "मोजायची जागा". मी तो उघडला नाही. आठवड्यानं तुम्ही मला फोन केलात, मी घेतला नाही. त्यानंतर तुमचे फोन थांबले. मला, मॅडम, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

चार महिन्यांनी परदेशातल्या एका गटानं विचारणा केली. तोच हिशोब त्यांनी केला होता आणि त्यांची टेन्सरची रेषा आमच्याहून वर येत होती. कोण चुकतंय? आम्ही तीन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खोलीचं दार लावून मी तुमचा मेल उघडला.

एकच पान होतं. दोन रेषा, एक माझ्या फाईलची, एक तुमची. खाली, कुठली ओळ बदलायची आणि ती का. आमच्या चुकीमुळं टेन्सर लहरी आम्हाला होत्या त्याहून अशक्त दिसल्या होत्या. दुर्बिणीला जे पकडता येईल ते येणार नाही, असं आम्ही लिहून बसलो होतो. परदेशातल्या गटाच्या रेषेवर मी तुमची रेषा ठेवली. जराही फट नव्हती.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी म्हणाले, "चूक सापडली मला."

*मला.* या एका शब्दाजवळ मी पुन्हा पुन्हा जाते. "सापडली" एवढंच म्हणता आलं असतं, तेही अर्धं खोटं झालं असतं. पण मी "मला" म्हणाले. गटप्रमुखांनी सगळ्यांसमोर सांगितलं, स्वतःची चूक स्वतः शोधून कबूल करायला मोठं मन लागतं. टाळ्या वाजल्या. मी त्या घेतल्या.

दुरुस्तीचा लेख छापला, त्यात शेवटी तीन लोकांचे आभार मानले. तुमचं नाव लिहायला मी बसले होते, खरंच बसले होते. पण तुमचं नाव लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, त्यांनी कधी कळवलं? आणि मेलवर तारीख होती. चार महिने मी तो न उघडता ठेवला होता, हे बाहेर आलं असतं. तुमचं श्रेय मला नको होतं, मॅडम. मला ती तारीख लपवायची होती. पण तुमच्या बाजूनं बघितलं तर दोन्हीत फरक काय?

दुरुस्ती आल्यावर आठ दिवसांनी तुमचा फोन आला. या वेळी मी लगेच घेतला.

"दुरुस्ती वाचली. चांगली लिवलीयस."

तुम्ही पुढं म्हणालात,

"पयल्या लेखापरास सोपी हाय. कुणालाबी कळंल."

मला तेव्हा बोलता आलं असतं. तुम्ही थांबला होता, तुमच्या घरातल्या शिलाई मशीनचा आवाज ऐकू येत होता. मी म्हणाले, "तब्येत कशी आहे?" तुम्ही म्हणालात, पायावर सूज येती, सांगलीला दाखवायचं म्हणतीया जुबेदा.

ती सूज मूत्रपिंडाची निघाली.

गेल्या महिन्यात मी सांगलीच्या दवाखान्यात आले ते सांगायलाच आले होते. यावर तरी विश्वास ठेवा. बस शिरवळला थांबली तेव्हा मी खाली उतरून, चहा न घेता, पहिलं वाक्य जुळवत होते. साताऱ्यापर्यंत ते पाठ झालं. कराडला पुन्हा विसरले. तुमच्या खोलीत शिरले तर तुम्ही उशीला टेकून बसला होता, हातावर पट्टी, चेहरा लहान झालेला, आणि मला बघताच तुम्ही म्हणालात, "बस. तुज्याशी भांडायचंय."

भांडण जुनंच होतं. टेन्सर लहरींचा उतार, म्हणजे लहान-मोठ्या लहरींत त्यांचा जोर कसा बदलतो, तो आकडा फाईलमध्ये मोकळा सोडायचा की नियमानं बांधायचा? फुगण्याचं सगळ्यात साधं चित्र खरं धरलं, तर तो उतार गुणोत्तरावरून आपोआप ठरतो. मी तो कायम बांधते.

"बांधून ठिवलास तर नियम मोडलेला दिसणार कसा?" तुम्ही म्हणालात.

"आणि मोकळा सोडला तर आकडे सैरावैरा पळतात, मॅडम. मोजमापच इतकं कमी आहे. काही ठरतच नाही."

"न ठरू दे की. ठरत न्हाई असं लिव."

"असं लिहिलेलं कोण छापणार?"

"मग छापन्यासाठी बांधतीस, निसर्गासाठी न्हाई. एवढं कबूल कर."

जुबेदाताई दारातून म्हणाल्या, "आपा, डॉक्टर वरडतील." तुम्ही हात झटकलात. तुमच्या गालावर रंग आला होता. अर्धा तास आपण भांडलो, आणि मी मनात म्हटलं, एवढ्या आनंदात आहेत त्या, आज नको. मी भित्री आहे, आणि भित्र्या माणसाला कारण लगेच सापडतं.

मी निघाले, दारापर्यंत गेले, तेव्हा तुम्ही हाक मारलीत.

"वैशाली, काय सांगायला आलीवतीस?"

"काही नाही, मॅडम. भेटायलाच."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर मी कदाचित तिथंच कोसळले असते आणि सगळं बोलून मोकळी झाले असते. "व्हय का," तुम्ही म्हणालात. "बरं. जपून जा."

आपलं ते शेवटचं बोलणं.

तुम्ही गेल्यानंतर तुमच्या घरून परत आल्यावर मी गटप्रमुखांना भेटले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता कशाला? त्या तर गेल्या. आणि विज्ञान तर दुरुस्त झालंच आहे." ते वाईट माणूस नाहीत, मॅडम. मलाच वाचवत होते. पण उत्तर बरोबर आलं की भागलं, असं मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून वाटत आलंय, आणि त्यावर तुम्ही मला काय म्हणाला होता ते त्यांना कुठं माहीत? मी मासिकाला पत्र पाठवलं. चूक कुणी शोधली, केव्हा कळवली, मी केव्हा वाचली, तिन्ही गोष्टी लिहिल्या. तुमचं पान सोबत जोडलं. ते छापतील की नाही, कळलेलं नाही. गटातल्या सगळ्यांनाही तेच पाठवलं. कॅन्टीनमध्ये आता माझ्या टेबलाशी थोडी शांतता असते. ते ठीक आहे.

काल सकाळी मी कराडला गेले. जुबेदाताई एकट्याच होत्या, मशीनवर काम चालू होतं. तुमचा लॅपटॉप कपाटावर, दुपट्ट्यात गुंडाळलेला. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. अडलं की मी फोन करायचे हे खोटं आहे, मॅडमच करायच्या आणि मी घ्यायचे नाही. माझी चूक त्यांनी काढली आणि मी ती माझ्या नावावर खपवली.

मशीन थांबलं.

"आपा आमच्याशी खोटं बोलली? तुज्यासाठी?"

मी "हो" म्हणाले.

"उभ्या जल्मात बोलली न्हाई ती." त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही, मला बसही म्हणाल्या नाहीत. "काय लिवलं हुतं तिनं? दाव."

मी फोनवर तुमचा मेल काढून दिला. त्यांनी रेषांवरून बोट सरकवलं, आकडे ओलांडले आणि अगदी खाली गेल्या. तिथं तुम्ही एक ओळ मराठीत लिहिली होती. ती मी तेव्हा घाईत वाचली होती, म्हणजे वाचली नव्हतीच. ताईंनी ती मोठ्यानं वाचली, शब्द शब्द सुटा करत.

"मी चुकत असेन तर सांग. मला राग येणार नाही."

मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "म्हणून हुय. सकाळ झाली की कम्प्युटर उघडून बसायची. मी म्हनायची, काय बगतीस? तर म्हनायची, उत्तर येनार हाय. आन दुपारी मिटवून ठेवायची. कामात असंल पोरगी, म्हनायची." त्यांनी मशीनचं पायडल पुन्हा पायानं दाबलं, एक टाका घातला आणि थांबल्या. "काय सांगितलंस मग तिला?"

"काहीच नाही," मी म्हणाले.

"जा आता," ताई म्हणाल्या.

मी आले. बसमध्ये, उजेड होता तोवर, तुमच्या त्या मेलला उत्तर लिहिलं आणि पाठवलं. तो पत्ता कुणी उघडणार नाही, हे कळून पाठवलं. एकच ओळ लिहिली.

मॅडम, तुम्ही चुकत नव्हता.